पाण्याच्या जेटने ओटा, टेबल आणि यंत्रं धुताना: कोकणातल्या नव्या खानावळी आणि प्रक्रिया उद्योगांसाठी

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: किनाऱ्यावर नव्याने खानावळ किंवा न्याहारी-निवास सुरू केलेले, घराच्या मागच्या पडवीत आंबापोळी, कोकम, फणसाचे गरे करणारे, आणि मासळी साफ करून पॅक करून विकणारे. या तिघांकडेही आज ना उद्या प्रेशर वॉशर येतंच. दुकानात ते गाडी धुण्याचं यंत्र म्हणून मिळतं. गाडीवरचा चिखल उडून रस्त्यावर पडला तर बिघडत नाही. मासे कापायच्या टेबलावरचा चिकटा उडून शेजारच्या मसाल्याच्या डब्यावर बसला तर मात्र बिघडतं.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. जेट घाण नाहीशी करत नाही, तो तिला एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेतो. ट्रिगर दाबण्याआधी ती कुठे जाणार हे ठरलेलं असलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नातून निघाल्या आहेत.

जोर किती हवा

दाब मोजायचं एकक बार. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. गच्चीवरची टाकी नळापेक्षा ४ मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम ०.४ बार दाब मिळतो, कारण १० मीटर उंचीला साधारण १ बार पडतो. घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या आसपास जोर देतं आणि मिनिटाला ६-७ लिटर पाणी सोडतं. १०० बारला नोझलमधून निघणारं पाणी सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने धावतं, म्हणजे तासाला ५०० किलोमीटर. अन्न तयार होणाऱ्या जागेत एवढ्या वेगाची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

हिशोब करून बघा. १०० बारचं ७ लिटरवालं यंत्र पृष्ठभागावर एकूण जेवढा धक्का देतं, तेवढाच धक्का २० बारचा पण मिनिटाला १५ लिटर सोडणारा पंप देतो. दोन्हीकडे तो दीड किलोहून थोड्या जास्त वजनाएवढा भरतो. फरक असा की पहिल्यात पाण्याचे बारीक तुषार होतात आणि दुसऱ्यात जाड धार राहते. जाड धार घाण वाहून नेते. बारीक तुषार हवेत उडतात, बराच वेळ तरंगतात आणि जिथे बसतात तिथे जंतू घेऊन बसतात. म्हणूनच अन्नउद्योगात १५ ते २५ बारचा मध्यम दाब जास्त पसंत केला जातो. खानावळीच्या भांड्यांसाठी तर सिंकवर टांगलेला स्प्रिंगचा स्प्रे, ज्याला हॉटेलवाले प्री-रिन्स म्हणतात, तो आणि त्याला एक छोटा बूस्टर पंप एवढं पुरतं. नव्याने पैसे घालणार असाल तर आधी तो घ्या.

प्रेशर वॉशर आधीच घेतला असेल तर नोझलकडे बघा. रंग बहुतेक ठरलेले असतात: लाल म्हणजे ० अंशाची सुईसारखी धार, पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४०, आणि काळा साबण सोडण्यासाठी. अन्नाच्या जागेत पांढरा वापरा, फार तर हिरवा. लाल नोझल खोक्यातून काढून वेगळीकडे ठेवून द्या, म्हणजे नवा मुलगा घाईत तो लावणार नाही.

काय चिकटलंय ते आधी बघा

बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग जोर वाढवत बसतात. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याची चार अंगं मांडली: रसायन, तापमान, वेळ आणि घासणं किंवा धक्का. एक कमी केलं तर उरलेल्या तिघांनी ते भरून काढावं लागतं. जेट हे फक्त धक्क्याचं अंग. उरलेली तीन फुकटात किंवा थोडक्यात मिळतात, पण ती कुठल्या चिकट्याला कशी लावायची हे त्या चिकट्यावर ठरतं. आपल्याकडचे नेहमीचे प्रकार घेऊ.

मासळीचं रक्त, चिकटा, पोटातली घाण ही प्रथिनं. यांना पहिलं पाणी कायम थंड. गरम पाणी पडलं की प्रथिन शिजतं आणि स्टीलवर पांढरट पापुद्रा धरून बसतं, मग तो घासूनही निघत नाही. सुरमई कापून झाल्यावर ‘गरम पाण्याने निर्जंतुक होईल’ म्हणून उकळतं पाणी ओतणं हा सगळ्यात मोठा घोटाळा. थंड पाण्याने रक्त आणि चिकटा गेला, की मग साबणाचं कोमट पाणी. खवल्यांचं वेगळंच. ती सुकली की स्टीलला नखासारखी चिकटतात, म्हणून मासे साफ करायला घेण्याआधीच टेबल ओलं करा आणि काम चालू असताना मधून मधून साधं पाणी मारत राहा.

वाटप आणि नारळाचं दूध यांत प्रथिनही असतं आणि तेलही, त्यामुळे आधी थंड किंवा कोमट, नंतर साबणासह गरम. खोबरेल तेल सुमारे २४-२५ अंशांना वितळतं. आपल्या हवेत ते बहुतेक दिवस पातळच असतं, पण पौषातल्या थंड पहाटे थिजतं, आणि ओट्यावरून वाहून गेलेलं तेल पुढे पाइपात गोठतं. थंडीच्या महिन्यांत मोरी तुंबली तर आधी हे कारण तपासा. कोकमाच्या बियांपासून तेल काढत असाल तर गोष्ट आणखी अवघड आहे. कोकमतेल ४० अंशांच्या आसपासच वितळतं. ते थंड पाण्याच्या जेटने कितीही मारलं तरी जागचं हलत नाही, फक्त त्याचे कण भिंतीवर जातात. तिथे आधी उलथन्याने खरवडून, कागदाने पुसून, ५५-६० अंशांचं पाणी आणि साबण. नेहमीचे घरगुती प्रेशर वॉशर गरम पाण्यासाठी बनवलेले नसतात. बऱ्याच यंत्रांना ४० अंशांच्या वरचं पाणी चालत नाही, म्हणून गरम पाणी बादलीने आणि ब्रशने.

तांदळाचं पीठ. घावन, आंबोळी, मोदकांची उकड करणाऱ्यांकडे ओटा आणि टोपं पिठाने माखतात. कच्च्या पिठावर गरम पाणी पडलं की त्याची खळ होते. कच्च्याला थंड पाणी, शिजून सुकलेल्याला भिजवण. भाताचं टोप पाणी घालून अर्धा तास ठेवलं तर जेटची गरजच राहत नाही.

हापूसचा रस साखरेचा आणि रेषांचा. साखर पाण्यात विरघळते, म्हणून पल्परवर, म्हणजे रस काढायच्या यंत्रावर, काम संपल्या संपल्या कोमट पाणी मारलं की सगळं निघतं. वाट बघितली तर रेषा जाळीच्या भोकांत वाळतात आणि मग एकेक भोक टोकरत बसावं लागतं. पल्परची जाळी धुताना धार बाहेरून आत न्या. आतून मारली तर रेषा भोकांत आणखी घट्ट बसतात. आंबापोळीच्या ताटांना मात्र जेट नको. ती एकावर एक भिजत घाला, नंतर मऊ ब्रश. ताटाच्या दुमडलेल्या कडेत रस अडकतो, तिथे बोट फिरवून बघा.

फणसाचा आणि कच्च्या आंब्याचा चीक पाण्याला दाद देत नाही. सुरीला आणि टेबलाला फणस फोडण्याआधी तेल लावायची आपली रीत आहे, तीच धुतानाही चालवा. चिकावर खोबरेल चोळा, कापडाने पुसा, मग साबण, मग पाणी. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजणारं असतं. टरफलं फोडायच्या जागेवर जेट मारून त्याचे तुषार उडवू नका, हातमोजे घालून पुसून घ्या.

आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा, विषय सगळ्यांत गंभीर आहे, कारण त्यात आम्लही आहे आणि मीठही. मीठ स्टेनलेस स्टीलचा संरक्षक थर भोकाभोकांनी फोडतं आणि आम्ल त्याला हात देतं. बाजारातलं नेहमीचं स्टील ३०४ प्रतीचं असतं, ३१६ प्रतीचं मिठाला जास्त टिकतं पण महाग पडतं. ३०४ च्या टाकीत आगळ रात्रभर राहिलं तर बारीक ठिपके दिसू लागतात. त्या ठिपक्यांत मग अन्न अडकतं आणि तिथे जेटची धार पोचत नाही. आगळाची, मिठाच्या पाण्याची, लोणच्याची भांडी रिकामी झाल्यावर लगेच साध्या पाण्याने खळबळून घ्या. साबण नंतर लावला तरी चालेल.

धुण्याचा क्रम

काम पूर्ण थांबल्याशिवाय जेट सुरू करायचा नाही. उघडं अन्न, सुकत घातलेली पोळी, भरलेल्या बरण्या, पॅकिंगची पाकिटं, सगळं त्या खोलीतून बाहेर. बाहेर नेता येत नसेल तर त्या खोलीत जेट मारू नका, बादली आणि ब्रश वापरा. तुषार किती लांब जातात हे एकदा स्वतः बघा: समोरच्या भिंतीवर आणि फळीवर कोरडे कागद चिकटवा, नेहमीसारखं टेबल धुवा आणि मग कागद तपासा. कुठला कागद ओला झाला ते बघून तुमच्या स्वयंपाकघरात काय कुठे ठेवायचं ते ठरवता येतं.

पहिली पायरी कोरडी. खवले, काटे, कोळंबीची सालं, भात, रेषा हे सगळं हाताने, पत्र्याच्या खरवडणीने, रबरी वायपरने गोळा करून घमेल्यात. पाणी अजून लावायचं नाही. पाण्याची खरी बचत इथेच होते. पाण्याने खवले ढकलत नेण्यात मिनिटाला २० लिटर सोडणारा पाइप अर्धा तास चालला तर ६०० लिटर जातात. तेच आधी भरून घेतलं तर ७ लिटरच्या जेटला दहा मिनिटं, म्हणजे ७० लिटर. एप्रिल-मेमध्ये जिथे टँकर मागवावा लागतो तिथे हा फरक पैशात मोजता येतो. तुमचा पाइप किती सोडतो हे माहीत नसेल तर १० लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन मोजा.

पुढे मोरी आणि गटार, तेही टेबलांच्या आधी. जाळी काढा, अडकलेलं उचला, फक्त मोरीसाठी राखलेल्या वेगळ्या रंगाच्या ब्रशने घासा, साबणाचं पाणी ओता, बादलीने सावकाश पाणी सोडा. मोरीत जेट कधीही मारायचा नाही. लिस्टेरियासारखे जंतू ओलसर गटारात घर करतात, ते फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतात, आणि गटारात मारलेला जेट त्यांना सरळ टेबलाच्या उंचीवर आणतो. मासळीवाल्यांनी आणि शिजवलेलं अन्न थंड करून ठेवणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

मग पहिलं पाणी. कमी दाब, रुंद नोझल, पृष्ठभागापासून २०-३० सेंटिमीटर अंतर. धार सरळ समोरून मारली तर पाणी तुमच्याच अंगावर परत येतं. ४५ अंशांत तिरकी धरली तर ती चिकट्याच्या खाली शिरून त्याला सोलते आणि पुढे ढकलते. वरून खाली, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, आणि शेवट मोरीच्या दिशेने. मागे परतायचं नाही.

साबण उलट दिशेने लावायचा: खालून वर. वरून खाली लावला तर ओघळ कोरड्या भागावर पट्टे पाडतात. फेस उभ्या भिंतीवर टिकतो, म्हणून फेसाची बाटली असेल तर उत्तम. वॉशरवरूनच साबण सोडायचा असेल तर काळं नोझल लावल्यावरच यंत्र साबण ओढतं, जास्त दाबाला ओढत नाही. दहा मिनिटं थांबा. या दहा मिनिटांत काम साबण करतो, तुम्ही करत नाही, आणि नव्या माणसांना हे थांबणं जड जातं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली फेस पटकन सुकतो. सुकू देऊ नका, लागलं तर थोडंथोडंच लावत जा.

साबणाची निवड थोडक्यात. तेल आणि प्रथिनाला अल्कलीचा साबण, विहिरीच्या पाण्याने बसलेल्या पांढऱ्या खरीला आम्लाचा. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही अॅल्युमिनियमच्या टोपाला लावू नका, धातू काळा पडतो आणि झिजतो.

थांबल्यावर घासणं. कोपरे, सुरीची मूठ, टेबलाच्या खालची कड, नटबोल्ट, वायपरचं रबर. इथे रोज थोडंथोडं राहून गेलं की जंतूंचा एक बुळबुळीत थर तयार होतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. जेट त्याच्यावरून घसरून जातो. हाताचा ब्रश हाच त्यावर उपाय. रोज घासलेला कोपरा तो थर धरत नाही, आणि आठवडाभर सोडलेला कोपरा मग जेटच्या बापाला ऐकत नाही.

नंतर शेवटचं धुणं, पुन्हा वरून खाली, आणि आता दाब आणखी कमी. घाण सुटलेली आहे, तिला फक्त वाहून न्यायचं आहे.

तपासणी डोळ्यांनी आणि पाण्याने. बॅटरी पृष्ठभागाला समांतर तिरकी धरा, राहिलेला पापुद्रा लगेच सावली टाकतो. मग थोडं साधं पाणी सोडा. स्टीलवर पाण्याची सलग चादर पसरली तर तेल गेलंय. थेंब थेंब तुटले तर तेल आहे, पुन्हा साबण. वास घ्या. स्वच्छ टेबलाला मासळीचा वास येत नाही, आणि येत असेल तर तो उदबत्तीने झाकू नका.

यानंतरच जंतुनाशक. घाणीवर टाकलेलं क्लोरीन घाणीतच संपून जातं. बाजारातलं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात ४ मिलिलिटर घातलं की २०० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत २०० भागांचं, द्रावण होतं. ते शिंपडून पाच मिनिटं ठेवा आणि मग पिण्याच्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन टाका. स्टीलवर रात्रभर ठेवू नका, क्लोरीनही ठिपके पाडतं. गरम पाण्यात मिसळू नका. बाटली उन्हात आणि उकाड्यात ठेवली तर ताकद कमी होत जाते, म्हणून लहान बाटल्या घ्या.

आणि हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं: क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही. कोकमाचा रस, लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचं आम्ल, खर काढायचं औषध यांतलं काहीही हायपोक्लोराइटला किंवा ब्लीचिंग पावडरीला मिळालं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. कोकमाच्या कामाच्या जागी आधी भरपूर साध्या पाण्याने आम्ल घालवा, मगच क्लोरीन. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

शेवटी कोरडं करणं. देशावर धुतलेलं टेबल आपोआप सुकतं, आपल्याकडे आषाढात ते सकाळपर्यंत ओलंच असतं. वायपरने पाणी ओढा, पंखा लावा, भांडी पालथी आणि तिरकी ठेवा म्हणजे तळाशी पाणी राहणार नाही. दिवसभर खांद्यावर फिरणाऱ्या फडक्याने पुसलं तर आतापर्यंतचं सगळं धुणं वाया जातं. पुसायचंच असेल तर उकळून वाळवलेलं कापड, एका वेळी एकदाच.

जिथे जेट मारायचा नाही

लाकडाचा ओंडका, पाट, पोळपाट, विळीचा पाट: जोराने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि त्यांत मासळीचं पाणी मुरतं. मीठ लावून घासा, धुवा, उन्हात उभं करा. चिऱ्याची जमीन आणि भिंत: जांभा सच्छिद्र असतो, धारेने झिजतो आणि पाणी पितो. जिथे अन्नाचं काम आहे तिथे चिऱ्यावर गुळगुळीत गिलावा किंवा कोटा फरशी बसवून घ्या, आणि मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार मोरीकडे द्या. टाइल्सच्या फटीतलं सिमेंट जवळून मारलेल्या धारेने निघून जातं.

तापलेल्या कढईवर किंवा तेलावर पाणी नाही, एक थेंबही नाही. चिमणीची जाळी काढून खाली आणून भिजवा, वरच्या वर जेट मारलात तर काळं तेल छताला लागतं.

मिक्सर, वजनकाटा, सीलिंग मशीन, फ्रीजचा मागचा भाग, स्विचबोर्ड यांपासून दूर. यंत्रावर आयपी असं लिहून पुढे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा पाण्याचा. तो ५ असेल तर यंत्र साध्या नळीच्या धारेला टिकतं, ६ असेल तर जोरदार धारेला. जवळून मारलेल्या उच्चदाबाच्या गरम जेटसाठी ९ आकडा लागतो. काहीच लिहिलेलं नसेल तर ओल्या कापडाने पुसा, आणि त्याआधी प्लग काढा.

वीज आणि अंग

ओली जमीन, उघडे पाय आणि २३० व्होल्ट हे एकत्र येतं तिथे हयगय नको. वॉशरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून तपासा. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात खडखडीत सुकते तेव्हा अर्थिंग कमजोर होऊ शकतं. दीड किलोवॉटचं यंत्र सहा-साडेसहा अँपिअर ओढतं, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी. जोडवायर पाण्यातून नेऊ नका. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर तापते, धुणं थोडं उशिरा करा.

पायात गमबूट, डोळ्यांना चष्मा, अंगात ॲप्रन. धार कधीही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हातापायाकडे नाही, बूट धुवायलासुद्धा नाही. जास्त दाबाचं पाणी कातडी भेदून आत जातं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मात्र पाणी आणि घाण लांबवर पसरलेली असते. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात जा आणि ‘प्रेशरचं पाणी आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. मुलांच्या हातात गन देऊ नका.

पाणी कुठलं

अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागाला पिण्याच्या लायकीचंच पाणी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मधला आणि त्याखालचे परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे, त्यांच्या अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी दिलेल्या आहेत. नोंदणी करताना ती अनुसूची एकदा शांतपणे वाचा. जेटच्या बाबतीत पाणी चांगलं असणं दुप्पट महत्त्वाचं, कारण तुषार श्वासातूनही आत जातात.

खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तसलं पाणी वॉशरला लावलं तर पंप गंजतो आणि स्टीलवर मीठ बसतं. मचूळ पाणी बादलीने जमिनीच्या ढोबळ धुण्याला आणि बाहेरच्या अंगणाला ठेवा, अन्नाला लागणारं सगळं गोड्या पाण्याने. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं, तेव्हा ग्रामपंचायतीची टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर विहिरीत पडली की नाही याची चौकशी करा. वॉशरच्या तोंडाला बारीक जाळीचा फिल्टर हवाच. वाळूचा एक कण पंपाचं सील खातो.

सांडपाणी

आपल्याकडे घरची मोरी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडायची जुनी पद्धत आहे, आणि पहिल्या साध्या पाण्यासाठी ती आजही चांगली. साबणाचं आणि क्लोरीनचं पाणी मात्र वेगळं काढा आणि विहिरीच्या वर किंवा जवळ कधीही मुरवू नका. जांभ्यातून पाणी झरझर खाली जातं. शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला. खानावळ असेल तर मोरीनंतर तेल अडवणारी छोटी टाकी बांधा. तेल वर तरंगतं, ते आठवड्याला काढावं लागतं. काढलं नाही तर टाकी असून नसल्यासारखी. खवले आणि माशांची आतडी माडाच्या बुंध्यात खोल पुरा, वर माती दाबा, नाहीतर कुत्री उकरतात. पऱ्ह्यात किंवा खाडीत टाकू नका. तिथे ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, आणि त्याच खाडीत आपल्या वाडीतल्या कोणाची तरी जाळी असतात.

यंत्र सांभाळणं

सुरू करताना आधी पाणी सोडा, ट्रिगर दाबून नळीतली हवा निघू द्या, मग बटण. बंद करताना आधी बटण, मग नळ, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा. ट्रिगर सोडून यंत्र चालूच ठेवलं तर पंपात तेच पाणी फिरून तापतं, दोन मिनिटांच्या वर तसं ठेवू नका. नोझलचं भोक खरीने बुजलं तर धार वाकडी होते. ते लिंबाच्या पाण्यात भिजवून, नीट धुऊन, सुईने साफ करा.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्याच सुमारास आंब्याचाही हंगाम आटपतो. मोठी दुरुस्ती तेव्हा काढा. नळीवर भेगा आहेत का बघा, रबरी रिंगा बदला, फिल्टर धुवा, आरसीसीबी तपासून घ्या. पावसात यंत्र दोन महिने नुसतं पडून राहणार असेल तर पंपातलं पाणी पूर्ण काढा, कोरडं पुसा आणि जमिनीपासून उंच फळीवर ठेवा, कारण खारी ओल खालून चढते. ऑगस्टमध्ये परत काढाल तेव्हा पहिल्या बादलीभर पाण्याने टेबल धुऊ नका. ते बाहेर सोडून द्या, नळीत साचलेलं सगळं त्यातून निघून जातं.